ओघळ आणि क्रूस

शोरूमचा माणूस दुपारी गाडी बघायला येणार, असं तिबेरियुने सकाळच्या कॉफीला जाहीर केलं, आणि कप खाली ठेवायच्या आत घरातल्या प्रत्येकाने आपापली बाजू नक्की करून टाकली. गाडीचा रंग अजून कोणी नीट पाहिलाही नव्हता. पण ग्लिगोरच्या घरात बाजू घ्यायला काही पाहावं लागत नसे.

तिबेरियु म्हणाला, गाडी परत करायची. म्हणून वालेर म्हणाला, गाडी ठेवायची. तिबेरियु ‘ठेवू’ म्हणाला असता, तर वालेरने स्वतः ढकलत ती शोरूमपर्यंत नेली असती. आपला भाऊ आणि आपला नवरा ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, हे रुक्सांद्राला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. तेव्हापासून ती मधला काटा होऊन उभी होती, आणि काट्याला कोणी बसायला खुर्ची देत नाही.

“उजवीकडे, पेट्रोलच्या झाकणाखाली,” तिबेरियु सांगत होता. “रंगाचा ओघळ आहे, ताई. अस्सा, बोटभर. मेणबत्ती वितळल्यासारखा. आणि बॉनेटवर लॅकरखाली धुळीचे कण अडकलेत. कोरी गाडी! आमच्या तिकडे इटलीत, तोरिनोमध्ये अशी गाडी कुणी कुत्र्याला बसायलाही देणार नाही.”

“तोरिनोतली कुत्री गाडीने फिरतात का?” वालेरने पावाला जॅम लावत विचारलं.

“भावोजी, तुम्ही खा.”

“खातोच आहे की. बाबांना गाडी चालवायची आहे, जिभेने चाटायची नाही. ओघळ असला काय नि नसला काय.”

रुक्सांद्राचा बाप ग्लिगोर खिडकीशी बसला होता. बंडीच्या खिशात हात घालून तो आतल्या आत काहीतरी फिरवत होता. ते काय आहे, हे रुक्सांद्राला ठाऊक होतं. वसंतात जुनी गाडी भंगारात गेली, तेव्हा म्हाताऱ्याने गिअरच्या दांड्यावरचा काळा गोळा काढून घेतला होता. आयुष्यभराच्या तळहाताने तो इतका गुळगुळीत झाला होता, की त्यावरचे आकडे केव्हाच पुसून गेले होते. ग्लिगोरच्या मनात काही शिजू लागलं, की खिशात तो गोळा फिरायला लागे. बाकीच्यांना वाटे, म्हाताऱ्याला हल्ली कंप सुटलाय.

चुलीवर गहू शिजत होता. उद्या रविवार, ग्लिगोरच्या बायकोचं, सावेताचं सातव्या वर्षाचं श्राद्ध, तिबेरियुच्या सुट्टीसाठी फेब्रुवारीतून जुलैत आणलेलं. हे शेवटचं. सात वर्षांनंतर मेलेल्या माणसाचं घरच्यांकडे काही मागणं राहत नाही, असं सगळे मानत. घरच्यांचं मेलेल्याकडे काही राहतं का, हे कोणी विचारत नसे. सावेता डोंगरापलीकडे मेरिशोर गावात, स्वतःच्या माहेरच्या मातीत निजली होती. तिच्या थडग्यावर वाटायचा गव्हाचा गोड कोलिवा डोकियाआत्या ढवळत होती. रस्ता ग्लिगोरला पाठ, आणि गाडी नवी. उद्या आपण चालवणार, असं त्याने सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

“बदलून द्यायला किती दिवस लावतील ते?” रुक्सांद्राने भांडी गोळा करता करता, जणू हवापाणी विचारावं तसं विचारलं.

“नव्या वर्षानंतर. फार तर वसंतात. घाई काय आहे? इतकी वर्षं थांबले बाबा, आणखी एक हिवाळा.”

खिशातला गोळा थांबला.

घाई काय आहे, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. ईस्टरनंतर रुक्सांद्रा वडलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण गोड बोलायच्या भानगडीत पडली नाही. “दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर चालवू दे आजोबांना. पण परवाना ऑक्टोबरअखेर, सेंट दुमित्रुच्या सणाच्या सुमारास संपतोय. नव्या परवान्यावर माझी सही मिळणार नाही, हे आत्ताच सांगते.” बसच्या थांब्यावर ग्लिगोर बाकावर टेकला. मग म्हणाला, “तिबीला सांगायचं नाही. त्याने गाडीचे पैसे भरलेत. त्याला वाटेल, आंधळ्याला आरसा घेऊन दिला.” रुक्सांद्राने शब्द दिला. शब्द देण्यात तिचं कधी काही जात नसे. जायचं ते तो पाळताना.

“आत्या,” तिबेरियुने चुलीकडे मोहरा वळवला. “तुमचं काय मत?”

डोकियाआत्याने पळी आपटली. ती ग्लिगोरची थोरली बहीण. तिचं मत नसलेली गोष्ट त्या जिल्ह्यात अजून जन्मायची होती. “माझं काय मत असणार? गाडी दारात आली तेव्हा तीनदा थुंकले मी तिच्यावर, दृष्ट लागू नये म्हणून. आरशाला लाल दोरा मी बांधला. एवढं करून ओघळ निघाला म्हणजे दृष्ट वाटेतच लागली असणार. कारखान्यातल्याच कुणीतरी बाईने बघितली असेल.”

“म्हणजे परत करायची?”

“परत करायची. दुसरी आली की आधी मला बोलवायचं.”

दोन विरुद्ध एक, रुक्सांद्राने मनात मांडलं. आणि म्हातारा धरला तर दोन विरुद्ध दोन. आपण कुठे? आपण भांडी धुतोय.

हात पुसायला ती दाराशी आली. तिथल्या भिंतीवर घराण्याच्या सगळ्या तसबिरी होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत जुनी गाडी होती. माणसांच्या घरात माणसांपेक्षा गाडीचे फोटो जास्त, असं वालेर पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला होता. मोहरीच्या रंगाची, चौकोनी, बटाट्याच्या पेटीसारखी. ग्लिगोरने निळी मागितली होती. बँकेत पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर मोहरीची आली. कम्युनिस्टांच्या त्या काळात रंग मागायचा नसतो, आलेला घ्यायचा असतो. समुद्रकाठी गाडी, रुक्सांद्राच्या लग्नात गाडी, टपावर कांद्याची पोती घेतलेली गाडी. आणि प्रत्येक फोटोत आई एकाच जागी, मागच्या डाव्या दाराशी, दाराला पाठ अर्धी टेकलेली, एक तळहात दारावर. लग्नाच्या फोटोत नवरीच्या शेजारी उभं राहायचं सोडून तिथेच. मालकीणबाई, असं म्हणून मुलं तिला चिडवायची. ती हसून सोडून द्यायची. आत्या मात्र चिडवत नसे. आत्याला ते खरंच वाटे.

———

शोरूमचे मोकानुसाहेब वेळेवर आले, हीच पहिली काळजीची गोष्ट. सोबत एक पट्टीसारखा लांब दिवा, रंगाची जाडी मोजायचं मुठीएवढं यंत्र आणि पाठीला ताठ पुठ्ठा लावलेला फॉर्म. माणूस गुळगुळीत, विनयशील आणि थकलेला. दिवसभर लोकांच्या गाड्यांचे दोष ऐकून जसा माणूस होतो तसा. दिलेली कॉफी त्याने घेतली. ‘घरचं गाळलेलं, अंगणातल्या आलुबुखारांचं’ म्हणून वालेरने पुढे केलेल्या पेल्याला हात जोडले. ड्यूटीवर आहे म्हणाला. वालेरने मग त्याच्या वाट्याचाही घेतला. वाया कशाला?

अंगणात अक्रोडाखाली निळी गाडी उभी होती. सगळे तिच्याभोवती जमले, जसे आजाऱ्याच्या खाटेभोवती जमतात. थोडे लांब, आणि डॉक्टरच्या तोंडाकडे बघत.

मोकानुंनी दिवा पेटवून उजव्या बाजूने सरकवला. पेट्रोलच्या झाकणाखाली प्रकाशाची सरळ रेघ एका जागी डगमगली.

“ओघळ,” ते म्हणाले. “आमचा. मान्य.”

तिबेरियुने वालेरकडे पाहिलं. वालेरने अक्रोडाकडे.

“बॉनेटवर कण. हो, लॅकरखालचे आहेत. आमचे. मान्य.” मोकानु लिहीत होते. मग दिवा बॉनेटच्या मध्यावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी यंत्र टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. बोटाने हलकेच घासलं. “आणि हे?”

हे म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणालाच ते अडचणीचं वाटलं नव्हतं. मागच्या रविवारी गाडी आली ती थेट आशीर्वादालाच. फादर इलारिओननी तुळशीची जुडी तीर्थात बुडवून गाडीवर शिंपडली, चारी चाकांना, डिकीला, वालेरच्या चष्म्याला. मग अंगठा पवित्र तेलात बुडवून बॉनेटवर भला थोरला क्रूस काढला. पवित्र तेल पुसायचं नसतं. हे बुझाऊतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हापासून आज सकाळपर्यंत गाडी जुलैच्या उन्हात उभी. ग्लिगोर रोज सकाळी ओल्या फडक्याने ती पुसायचा, आणि क्रूसाशी आला की नांगरणारा माणूस शेतातल्या थडग्याला घालतो तसा वळसा घालायचा. तेलावर धूळ बसली, धुळीवर ऊन बसलं, आणि आता लॅकर क्रूसाच्या आकारात फुगून पांढुरकं झालं होतं.

“तिसरा दोष,” तिबेरियु म्हणाला.

रुक्सांद्राने झटकन त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी चेरी चोरल्या नाहीत असं सांगताना त्याची मान जशी ताठ व्हायची, तशी ती झाली होती.

“तिसरा?” मोकानु म्हणाले. “बघा, मी सरळ सांगतो. ओघळ आणि कण आमचे, ते आम्ही नीट करून देऊ, पण गाडी वर्कशॉपात महिनाभर ठेवावी लागेल. गाडी बदलून हवी असेल तर बॉनेटचा हा डागही कारखान्यातला असायला हवा. गाडी ताब्यात घेतल्यावर तुमच्याकडे काही सांडलं, लागलं असेल, तर बदलीचा दरवाजा बंद.”

“कारखान्यातलाच आहे.”

“हा क्रूस?”

“हो.”

“क्रूस कारखान्यातून आला?”

“आमच्याकडे आला तेव्हा होता.”

वालेरला ठसका लागला. कारण मोठा घोट, की मोठी थाप, हे कळायला मार्ग नव्हता. डोकियाआत्याने मात्र दोन्ही हात छातीशी घेतले. “मग हा चमत्कार आहे!” ती म्हणाली. “चमत्कार असेल तर गाडी परत कशी द्यायची? ती मठात द्यायला हवी!”

“आत्या!”

“ओरडतोस काय? आपोआप क्रूस उमटला असं तूच म्हणतोस ना?”

“मेव्हणेबुवा,” वालेर डोळे पुसत म्हणाला, “आता एक तर पापी ठरा, नाही तर संत. मधली जागा आत्याने घेतली.”

मोकानुंनी फॉर्म पुठ्ठ्यावर नीट बसवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थाप ऐकायची त्यांना सवय होती, फक्त इतकी धार्मिक थाप नवी होती. “गाडी कोणाच्या नावावर आहे?”

“बाबांच्या,” तिबेरियु म्हणाला.

“मग आजोबा सांगतील ते मी लिहितो. आजोबा, हा डाग गाडी आली तेव्हा होता?”

ग्लिगोर बॉनेटकडे बघत होता. गोळा खिशात फिरत होता. तिबेरियु त्याच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, “बाबा, फक्त ‘हो’ म्हणा. एक शब्द. माझ्यासाठी.”

नेमकं त्याच वेळी फाटकाबाहेर सायकलची घंटी वाजली. उद्या मेरिशोरला किती वाजता निघायचं ते ठरवायला फादर इलारिओन आले होते. झगा सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून त्यांनी तो गुडघ्यापर्यंत खोचला होता, आणि फाटकाच्या फळ्यांमधून त्यांचे पांढरे मोजे दिसत होते.

तिबेरियुचा रंग उडाला. “ताई,” तो कुजबुजला, “त्यांना स्वयंपाकघराकडून आत ने. कॉफी दे. कोलिवा दाखव. काहीही कर, पाच मिनिटं.”

मागचं दार जवळच होतं. रुक्सांद्रा काय करू शकते, हे रुक्सांद्राला चांगलं माहीत होतं. नवऱ्याला भावापासून, भावाला आत्यापासून, आत्याला शेजाऱ्यांपासून तिने आयुष्यभर असंच मागच्या दाराने नेलं होतं. तिबीला आणखी एकदा सांभाळून घेता येईल. मग गाडी जाईल. वसंतात दुसरी येईल, बिनडाग, आणि अक्रोडाखाली उभी राहील. तिला उद्यासारखा रस्ता दाखवायला कोणी नसेल. बाबा तिच्याभोवती फडकं फिरवत बसतील.

ती फाटकापाशी गेली आणि तिने फाटक सताड उघडलं.

“या फादर,” ती मोठ्याने म्हणाली. “सगळे इकडेच आहेत, गाडीपाशी.”

तिबेरियुने तिच्याकडे असं पाहिलं, की तिला ती नजर पुढे बरीच वर्षं आठवणार होती. तिने ती तशीच घेतली आणि मनात जिथे बाकीच्या ठेवल्या होत्या तिथे ठेवून दिली.

फादर खुशीत आले. सायकल अक्रोडाला टेकवली, बॉनेटवर वाकले. “अरे वा! टिकलाय की! मागच्या वेळी नगराध्यक्षांच्या गाडीवर काढला, तर पठ्ठ्याने दुसऱ्याच दिवशी धुऊन...” मग त्यांना दिवा दिसला, यंत्र दिसलं, फॉर्म दिसला, आणि सगळ्यांचे चेहरे दिसले. त्यांनी खोचलेला झगा सावकाश खाली सोडला.

“फादर,” मोकानुंनी आदराने विचारलं, “हा क्रूस तुमचा?”

फादर इलारिओन काही काल पाद्री झाले नव्हते. “क्रूस,” ते म्हणाले, “नेहमी प्रभूचा असतो.”

“फॉर्मवर प्रभूची सही चालत नाही, फादर.”

“आमचा आहे.”

हे ग्लिगोर बोलला. सकाळपासूनचे त्याचे पहिले शब्द. “लिहा,” तो म्हणाला. “क्रूस आमचा आहे.”

———

मोकानुंनी लिहिलं.

“का, बाबा?” तिबेरियुचा आवाज चिरकला. “एक शब्द मागितला मी. मी काही गाडी चोरत नव्हतो. दोष त्यांचाच आहे! त्यांनी मान्य केलंय! तुम्ही लोक ना... काहीही गळ्यात मारलं तरी घेता आणि वर आभार मानता. तेव्हाही तसंच. मोहरीचा रंग घेतलात. आताही ओघळ घ्या!”

“तेव्हाही ओघळच घेतला,” ग्लिगोर म्हणाला.

“काय?”

म्हाताऱ्याने खिशातून गोळा काढला आणि नव्या गाडीच्या टपावर ठेवला. तो घरंगळेल म्हणून रुक्सांद्राने हात पुढे केला. पण गोळा जागीच राहिला.

“जुनीला,” तो म्हणाला. “डाव्या मागच्या दाराला, मुठीखाली. ह्याच्यापेक्षा मोठा. कारखान्याच्या आवारात गाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि तुझ्या आईनेच आधी बघितला. मी त्या माणसाला दाखवला. तो म्हणाला, ‘नको असेल तर ओळीच्या शेवटी उभे राहा. पुढच्या नावाचा माणूस बाहेर थांबलाय.’ तुझ्या आईने माझ्या हातातली किल्ली घेतली आणि म्हणाली, बस ग्लिगोर, घरी चल. रुक्सांद्राला पोटात घेऊन बसने मेरिशोरला जायची तिला धास्ती होती. वाटेत बुझाऊचा पूल आला, तेव्हा एवढंच म्हणाली, ‘डोकियाला कळता कामा नये.’”

“मला?” आत्या म्हणाली.

“तुला. तू वेशीपासून घरापर्यंत सांगत गेली असतीस, ग्लिगोरने रडकी गाडी आणली म्हणून.”

“मी कशाला...” आत्या थांबली. तिला बहुधा स्वतःचा आवाज ऐकू आला असावा.

“म्हणून ती तिथे उभी राहायची,” ग्लिगोर म्हणाला. “फोटो काढायचा म्हटलं की धावत जाऊन तिथे. हाताने झाकून. पाहुणे आले, शेजारी आले, की पाठ टेकवून. पुढे सगळे विसरले असतील, मीही विसरलो. रंग फिका झाला, ओघळ दिसेनासाही झाला. पण ती तिथेच.”

रुक्सांद्राला वळून घरात जाऊन भिंतीकडे बघायची गरज नव्हती. सगळ्या तसबिरी तिच्या डोळ्यांपुढे होत्या. समुद्रकाठी वाऱ्याने उडणारा डोक्याचा रुमाल एका हाताने धरलेला, दुसरा हात दारावर. लग्नात नवरीपासून लांब. आपण तेव्हा मनातल्या मनात रुसलो होतो, हे तिला आठवलं. आई आपल्या शेजारी का आली नाही? आई कामावर होती.

डोकियाआत्या अक्रोडाखालच्या बाकावर बसली. “मला कधी त्या दाराने चढू दिलं नाही तिने,” ती हळू म्हणाली. “नेहमी पलीकडून फिरून ये म्हणायची. पाऊस असला तरी. मला वाटायचं, गर्व. नवऱ्याची गाडी म्हणून. मी तिच्या... मी तिच्या दोन्ही पोरांच्या नामकरणांना गेले नाही त्या दारापायी.” तिने नाक शिंकरलं. “मूर्ख बाई. मला दाखवला असता तर मी थुंकले असते ना त्यावर. नीट झाला असता.”

वालेर हसणार होता, पण त्याने हसू पेल्यात सोडलं. ही त्याच्याकडून मोठी गोष्ट होती. रुक्सांद्राने नोंद घेतली.

तिबेरियु मात्र तसाच उभा होता, हात लोंबकळत. “मला तुम्हाला एक तरी गोष्ट बिनडाग द्यायची होती, बाबा,” तो म्हणाला. “एवढंच.”

आता कुठे रुक्सांद्राला हिशेब लागला. ती सकाळपासून ओघळाचा हिशेब मांडत होती, आणि हा दुसराच मांडत होता. आई गेली त्या फेब्रुवारीत तिबी तोरिनोहून निघाला, सीमेवर बर्फात अडकला, आणि पोचला तेव्हा मेरिशोरच्या मातीवर फुलं सुकून गेली होती. त्याला कोणी बोल लावला नाही. बोल लावला असता तर तो भांडला असता, आणि भांडून मोकळा झाला असता. न लावलेला बोल तो सात वर्षं वागवत होता, आणि उद्या तो निळ्या कोऱ्या गाडीत घालून आईच्या दारात पोचवणार होता. आणि त्या गाडीला ओघळ निघाला.

ग्लिगोरलाही कळलं असावं. त्याने मुलाच्या दंडाला धरून त्याला पेट्रोलच्या झाकणापाशी नेलं. “बघ,” तो म्हणाला. “त्या गाडीला डावीकडे होता, हिला उजवीकडे. आई असती तर म्हणाली असती, बाजू तेवढी बदलली. तिने तो डाग तळहाताने झाकला. डाग नसता, तर हात ठेवला कुठे असता तिने?”

“पण वसंतात अख्खी नवी मिळाली असती, बाबा.”

“वसंतात गाडी मिळाली असती,” ग्लिगोर म्हणाला. “डोळे नसते मिळाले. डॉक्टरीणबाई सही देणार नाही, पोरा. सेंट दुमित्रुपर्यंत माझा परवाना. तेवढ्यात जेवढं हिंडायचं तेवढं.”

तिबेरियुने बहिणीकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“मी भांडी धुवत होते,” रुक्सांद्रा म्हणाली.

मघाची नजर त्याने परत घेतली, एवढं तिला दिसलं. दिलेलं परत घेणं त्या घराण्यात क्वचितच घडे.

मोकानुसाहेबांनी घसा खाकरला. ते अजून फॉर्म धरून उभे होते, आणि आपण निघून जायला हवं होतं की काय, असा त्यांचा चेहरा झाला होता. “आजोबा, ओघळ आणि कण आमचे आहेत. ते आम्हाला नीट करून द्यावेच लागतील. गाडी कधी आणता?”

“सेंट दुमित्रुनंतर,” ग्लिगोर म्हणाला. “तोवर मी बिझी आहे. त्यानंतर न्या, महिनाभर ठेवा, हवी तर हिरवी करा.”

“आणि बॉनेट?” मोकानुंनी चोरट्यासारखं फादरकडे पाहिलं. “पॉलिशने थोडा कमी होईल. पण क्रूस पुसायचा म्हणजे... मी सांगू शकत नाही.”

“कमी करा,” फादर इलारिओन घाईने म्हणाले. “प्रभूची हरकत नसावी. आणि यापुढे मी डिकीच्या आत काढत जाईन.”

मोकानुंनी सही घेतली, दिवा विझवला, आणि वालेरने पुन्हा पुढे केलेल्या पेल्याकडे एकदा, मग रस्त्याकडे एकदा बघून, उभ्याउभ्या घेतला.

———

सकाळी सगळे अंगणात. कोलिवावर साखरेचा पांढरा थर, त्यावर डोकियाआत्याने काढलेला मनुकांचा क्रूस. हा तरी पुसायचा नव्हता. ग्लिगोर टोपी घालून चाकामागे बसून तयार, काच खाली, दोन्ही हात चाकावर. रस्ता डोंगराचा, ऊन स्वच्छ. तो परीक्षेला बसलेल्या पोरासारखा समोर बघत होता. खिसा सपाट दिसत होता. गोळा नव्या दांड्याला बसत नव्हता, म्हणून त्याने तो आरशाच्या लाल दोऱ्याला लटकवला होता.

“आधी फोटो!” वालेर गाडीच्या मागे उभा राहून ओरडला. “सासूबाईंच्या वेळी कधी फोटोशिवाय निघालो होतो का? उभे राहा. फादर, तुम्ही मध्ये. आत्या, कोलिवा खाली धरा, तोंड झाकतंय. काही बिघडत नाही म्हणा, पण धरा.”

“तुझंच झाक,” आत्या म्हणाली, आणि गाडीच्या मागच्या डाव्या दाराशी येऊन उभी राहिली. दारावर तिने हात टेकवला, तपासून बघितल्यासारखा, आणि तिथेच राहू दिला.

रुक्सांद्रा पुढच्या काचेशी, बाबांच्या खांद्याजवळ. तिथून तिला पलीकडच्या आरशात गाडीची उजवी बाजू दिसत होती. तिबेरियु मागून रेंगाळत आला. इकडेतिकडे बघितलं, जणू कुठे उभं राहावं ते कळत नाहीये. मग पेट्रोलच्या झाकणापाशी जाऊन दाराला अर्धी पाठ टेकवली आणि तळहात मागे, खाली, गाडीवर ठेवला.

“तिबी, जरा पुढे सर!” वालेर फोन डोळ्यांपुढे धरून ओरडला. “गाडीची अर्धी बाजू झाकतोस तू! इतकी निळी गाडी, दिसू दे की लोकांना!”

ग्लिगोरने आरशात पाहिलं. त्याचे डोळे आता किती बघत होते देव जाणे, पण एवढं त्यांना दिसलं.

“मी नाही सरत,” तिबेरियु म्हणाला. “काढा तुम्ही, भावोजी.”

आणि वालेरने, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, उलट न बोलता काढला.